तिसऱ्या ढिगाची ऊब

सकाळच्या मोजणीत तळ्यावर अकरा पाणकावळे, चार राखी बगळे, एक खंड्या आणि एकच टिबुकली. पाणकणसांत कुजक्या गवताचे तरंगते ढीग चार; टिबुकलीचं घरटं असाच एक ढीग असतो. चारही मी दुर्बिणीतून पाहिले, अंडं कुठेच दिसलं नाही. बांधावर येऊन मामाला सांगितलं, "घरटं नाही. सोड पाणी."

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. या उद्यानातल्या तळ्याचं पाणी सोडायचं दार त्याच्या ताब्यात. बांध गळत होता, गवंडी येऊन बसले होते, आणि तळं रिकामं झाल्याशिवाय त्यांना काम सुरू करता येत नव्हतं. पण पाणी उतरलं की ढीग चिखलात बसणार आणि भटकी कुत्री चालत तिथवर जाणार. म्हणून आधी माझी पाहणी.

मामाने दार उघडायच्या चाकाला हात घातला, तेवढ्यात तिसऱ्या ढिगामागून टिबुकली पोहत निघाली आणि बुडी मारून गेली. मी पुन्हा दुर्बीण लावली. बाकीचे तीन ढीग उन्हाने वरून सुकले होते. याच्या माथ्यावरचं गवत ओलंचिंब होतं. टिबुकली उठून जाताना अंडी ओल्या गवताने झाकते. परीक्षेत हे मी लिहिलंही होतं.

"मामा, थांब! तिसऱ्यात अंडी असतील."

"असतील? मघाशी तर नव्हती. आता गवंड्यांना काय सांगू, भाचीचं मन बदललं?"

"झाकलेली आहेत रे."

"मग उचक गवत."

"उचकलं तर ती परत येईलच असं नाही."

"म्हणजे बघायचंही नाही आणि सोडायचंही नाही. अगदी आईवर गेलीस!"

गवंडी हसले. त्यांतला म्हातारा म्हणाला, "ताई, लवकर काय ते ठरवा, सिमेंट उघड्यावर पडलंय."

माझ्याकडे पाण्याचं तापमान मोजायचा लांब सळईचा तापमापक होता. पक्षी बसत असेल तर ढीग आतून उबदार लागणार. पण कुजणारं गवतही थोडं तापतं, म्हणून एक सुकलेला ढीगही मोजायचा. मामाशी ठरलं: फरक तीन अंशांच्या आत आला तर दार उघडायचं, जास्त आला तर पिल्लं निघेपर्यंत गवंडी परत.

मामाने होडी वल्हवली, मग बांबू रोवून ती स्थिर धरली. मी दोन्ही ढिगांत बाजूने सळई घातली आणि आकडा थांबेपर्यंत वाट पाहिली.

"सांग की गं," मामा कुजबुजला.

सुकलेला ढीग, २६.४ अंश. तिसरा, ३४.९.