यो म्हणजे या नव्हे

मी एक किल्ली बोलतेय. लंडनजवळच्या हॅरोतल्या एका पाकिटात पडलेय. पाकीट अजून उघडं आहे, म्हणून घाईघाईने बोलते.

माझं गाव प्रिश्टिना, कोसोवोची राजधानी. देश नवा, मी त्याच्याहून थोरली. माझ्या मालकीणबाई ड्रिताबाई, त्यांच्या नवऱ्याने मला रणगाड्याच्या पत्र्यातून कापलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर बाजारातून आणलं. पण कुलूप त्यानेच बसवलं, वारला त्या वर्षी. खोली त्यांच्या मुलीची. ती जर्मनीत असते, जूनमध्ये येते. तोवर खोली बंद. भाड्याने कुणालाच नाही.

मेच्या अखेरीस, भर पावसात, कमलाकर आणि स्वाती हे हॅरोचं जोडपं दारात उभं राहिलं. ज्याच्याकडे बुकिंग होतं तो फोन उचलेना, म्हणून आमची बेल दाबलेली. खोली मिळेल का, म्हणून खुणा केल्या. ड्रिताबाई म्हणाल्या, "यो, यो."

आमच्याकडे यो म्हणजे नाही.

"बघ, या या म्हणतायत," कमलाकर म्हणाला, आणि बॅग आत.

"अहो, नको म्हणतायत त्या. चेहरा बघा जरा."

पण तोवर कमलाकरने सवयीने उंबऱ्यात बूट काढले होते. मोज्यातून अंगठा बाहेर. आमच्याकडेही बूट दारातच काढतात. ड्रिताबाईंनी त्या अंगठ्याकडे पाहिलं, हसू दाबलं आणि खुंटीवरून मला काढलं.

तीन दिवस राहिले. निघताना कमलाकरने हॅरोच्या सवयीने कुलूप लावून मला खिशात टाकलं. मी खूप खुळखुळले. त्याला वाटलं, चिल्लर. सापडले ती थेट हीथ्रोला.

माझी जोड नाही. मुलगी येत्या शनिवारी पोचतेय. त्याआधी मी गेले नाही, तर नवऱ्याच्या हातचं ते कुलूप फोडावं लागेल.

"पोस्टाने पंधरा दिवस लागतील. आपणच देऊन येऊ," स्वाती काल म्हणाली. कमलाकरने फोन लावला. "वी कम? विथ की?"

"पो, पो," ड्रिताबाई म्हणाल्या.

"बघ, पोस्टाने पाठवा म्हणतायत."

आता तो सेलोटेप शोधतोय. ऐकणाऱ्यांनो, पो म्हणजे हो. सांगा कुणीतरी. त्याला नाही पटलं तर स्वातीला सांगा. ती चेहरे बरोबर वाचते. पण फोनला चेहरा नव्हता हो.