कमळ आणि जाळ

चऱ्होलीत रविवारी दुपारी आमच्या चाळीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर शेंदूर फासलेला जुनाट कॉम्प्युटर, त्याला माइक, मागे त्यावरून कौल देणारे नादमहाराज. चाळीतल्या दिव्याची लेक तीन दिवस तापानं फणफणत होती, आणि महाराजांनी करणीचा आळ घेतला होता शेजारच्या कुसुमताईवर. लातूरहून आलेली, कंपनीच्या कँटीनात राबणारी एकटी बाई. कौल लागेपर्यंत पोरीला दवाखाना बंद, असा हुकूम.

"खऱ्याला कमळ, खोट्याला जाळ. नाददेवाला आवाजातलं पाप दिसतं," महाराज म्हणाले. "करणी केलीस?"

"नाही," कुसुमताई म्हणाली. पडद्यावर जाळ उठला.

पुन्हा विचारलं, पुन्हा जाळ. "काढा हिला चाळीबाहेर," मागून आवाज आला.

माझं डोकंच फिरलं. नव्वदच्या दशकात चिंचवडला कॉम्प्युटर क्लास चालवायची मी. आवाज ओळखणारं असलं स्वस्तातलं कार्ड दाखवून पोरांकडून वाहवा मिळवलेली. मी विचारलं, "आजवर कमळ आलं कुणाला?"

"मला," चाळमालक अर्जुनराव म्हणाले. "म्या दीक्षा घेतलीया ना."

"दीक्षेत काय करतात?"

"माइकात तीन येळा 'न्हाई' म्हणायचं. मन साफ व्हतं."

अस्सं! माझी ट्यूब पेटली. "मग आता सांगा, तुमचं नाव अर्जुनराव आहे का? 'न्हाई' म्हणा."

"देवाची परीक्षा घेऊ नये, बाई. घर जळंल," महाराज घाईघाईनं मध्ये पडले.

"माझं जळू दे."

अर्जुनराव घुटमळले. दिव्या पोरीला छातीशी धरून त्यांच्याकडे बघत होती. ते माइकवर वाकले. "न्हाई."

पडद्यावर कमळ फुललं.

"ह्याला खरं-खोटं कळत नाही," मी सांगितलं. "एक शब्द तीनदा ऐकवला की हे त्या आवाजाचा नमुना साठवतं. जुळला की कमळ, नाही जुळला की जाळ. कुसुमताईचा आवाज ह्याला कुणी शिकवलाच नव्हता."

महाराज वायर गुंडाळायला लागले. दिव्यानं पोर कुसुमताईच्या हातात दिलं आणि रिक्षा बघायला धावली.

दवाखान्यात तपासणी झाली, डेंगी निघाला. "उद्यापर्यंत थांबला असतात तर कठीण होतं," डॉक्टर म्हणाले.

बाबांनो, मशीन बोललं म्हणून माणसाला गुन्हेगार ठरवू नका. त्याला कुणी काय शिकवलंय, ते आधी विचारा. आणि लेकरू तापलं तर डॉक्टरकडे न्या.