पुढे ओढलेली सीट

पांढऱ्या गाडीची बॅटरी आठवड्यात तिसऱ्यांदा बसली, तेव्हा थोरल्या जावेच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

जपानहून आलेल्या जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायच्या, हा त्यांचा घरचा धंदा. नवरा दिवसभर इंजिनात डोकं घालून, मिस्तरी त्याच्या जोडीला, आणि किल्ल्यांचा फळा थोरलीच्या ताब्यात. मिस्तरीने निकाल दिला की कुणीतरी किल्ली अर्धी फिरवून आत तासन्‌तास बसतंय. एवढं बोलून तो तिच्याकडे बघेना; घरातलंच कुणीतरी, हे त्यातच आलं.

थोरलीने दार उघडून पाहिलं. ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली. तिथे नवऱ्याचं पोट मावलं नसतं, आणि मिस्तरी तर सहा फूट. इतक्या आखूड पायांचं माणूस घरात एकच होतं: गाड्या आतून पुसणारी धाकटी जाऊ. मागच्या सीटवर बिस्किटाचा चुरा सापडला, तेव्हा उरलासुरला प्रश्नही मिटला. धाकटी जाईल तिथे तिची दोन वर्षांची लेक चिमणी असायचीच.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. दीर बोटीवर, सहा-सहा महिने पत्ता नाही. धाकटी भांडी घासताना ओठ हलवते, विचारलं तर "काही नाही, ताई." आणि गेल्याच आठवड्यात सहज विचारल्यासारखं करून विचारत होती, चिमणी तुमच्याजवळ रात्रभर शांत झोपते ना? म्हणजे हिचं कुठेतरी निघून जायचं चाललंय. पोरीचं पहिलं पाऊल थोरलीचंच बोट धरून पडलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती शटर उघडायच्या आधीच मागच्या दाराने गाड्यांच्या शेडमध्ये शिरली. पांढऱ्या गाडीतून एका बाईचा आवाज येत होता. गोड, घोटलेला, कामापुरता; बंद काचांमुळे शब्द कळत नव्हते. परदेशी नोकऱ्या लावणारी कुणी एजंटबाई असणार. धाकटी तिला हळू आवाजात उत्तर देत होती.

थोरलीने दार खाडकन उघडलं. आत एजंटबाई नव्हती. मागे चिमणी झोपलेली, पुढे धाकटी मांडीवर वही घेऊन, आणि बोलत होती ती गाडी.

धाकटीने लपवलं नाही. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम होतं, दोन वर्षांचं. त्याआधी भाषेची परीक्षा. लिहिण्यात ती पास झाली होती, ऐकण्यात नापास. क्लासच्या टेपा सपासप पुढे पळायच्या. गाडी मात्र थांबून बोलायची: किल्ली फिरवली की एक वाक्य, रिव्हर्स टाकला की दुसरं. आपण केलं त्यावरच ती बोलते, म्हणून अर्थ हाताला लागतो. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

"भाऊजींना ठाऊक आहे?"

"ते हो म्हणालेत."

म्हणजे आपण तेवढे परके, थोरलीच्या मनात आलं. तिने किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. गाडीने तेच पहिलं वाक्य म्हटलं. अशा प्रत्येक गाडीतलं हे वाक्य ऐकवून नऊ वर्षं गिऱ्हाइकांना तिचा नवरा छातीला हात लावून सांगत आला होता की गाडी तुमचं स्वागत करते.

"काय म्हणतेय ही?"

"टोलचं कार्ड घातलेलं नाही म्हणतेय."

थोरलीला हसू फुटलं आणि अर्ध्यावरच विरलं. नऊ वर्षं ही बया काहीतरी राहिलंय म्हणून सांगतेय आणि आपण मान डोलावतोय.

"आणि चिमणीचं काय ठरवलंस?"

"तिला नेता येत नाही. तुम्हालाच विचारायचं होतं, ताई. रोज इथे बसून धीर गोळा करत होते."

थोरली वळून निघून गेली. दिवसभर तिने धाकटीकडे पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी भीतभीत शेडमध्ये आली, तर पांढऱ्या गाडीच्या बॅटरीला चार्जर लावलेला होता. शेजारच्या सीटवर थोरली हाताची घडी घालून बसली होती.

"एकेक वाक्य मलाही सांगायचं," ती म्हणाली. "तू तिथून फोन करशील तेव्हा तुझ्यामागे कोण काय बोलतंय, मला कळायला हवं. दोन वर्षं म्हणजे दोनच ना, का तिसरं वहीत लपवलंयस?"

"दोनच."

थोरलीचा विश्वास बसला असं काही तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. तिने चिमणीला उचलून मांडीवर घेतलं, सीटचा पट्टा दोघींवरून ओढला आणि किल्ली फिरवायची खूण केली.