न्यूट्रलची वाटणी

गंगाखेडच्या शिवमूर्तीअप्पांच्या नव्या मंगल कार्यालयात दुसऱ्या दिवशी पहिलं लग्न लागायचं होतं, आणि माझी लेक धम्मशीला वीजजोडणीच्या तपासणी अहवालावर सही करेना.

काम माझ्या हातचं. एकतीस वर्षं लाइनमन होतो मी. खांबावर चढता-उतरता केस पिकले. तिला सुपरवायझरचं लायसन मिळून जेमतेम दोन वर्षं झालेली. भार एका केबलीला झेपणारा नव्हता, म्हणून रोहित्राजवळच्या डीपीपासून कार्यालयातल्या पॅनलपर्यंत दोन केबली जोडीनं टाकल्या होत्या. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, मात्र मी एकाच केबलीतली जोडली, दुसरी टेप गुंडाळून ठेवून दिली. न्यूट्रलमध्ये असतंच काय, असं मी जन्मभर म्हणत आलो.

"दोनी न्यूट्रल जोडा, बाबा," ती म्हणाली.

"तू मला शिकवायलीस?" मी खेकसलो. अप्पा आणि चार माणसं बघत होती.

"माझ्या सहीत तुमचं नाव येतंय. असल्या कामावर मी ते लिवनार न्हाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं वाद घातलाच नाही. सगळा भार न्यूट्रलवरून परतावा म्हणून एकाच फेजवरचे सगळे एसी चालू केले आणि न्यूट्रलला टाँगटेस्टर, तो चिमट्यासारखा मीटर, लावला. एकशे ब्याऐंशी अँपिअर! ती तार फेजच्या तारेहून बारीक; दीडशेच्या वर तिची ऐपत नव्हती. थोड्या वेळानं मी तारेच्या आवरणाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. भरल्या मांडवात ही पेटली असती तर?

वीज बंद करून दुसरा न्यूट्रल मीच जोडला. पुन्हा तेवढाच भार टाकला. एकात एक्क्याण्णव, दुसऱ्यातही एक्क्याण्णव.

"तुमी दोनी केबली बराबर एका लांबीच्या कापल्या, म्हनून वाटनी सारखी झाली," ती म्हणाली. "बोटभर बी फरक न्हाई."

अप्पा हसले. "सटवाजी, लेकीनं बापाचीच चूक काढली की वो!"

एकतीस वर्षांत साहेबापुढंही मी चूक कबूल केली नव्हती.

"काढली ना!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "चूक माझी व्हती. अन् ती पकडनारी बी माझीच लेक हाय." अभिमान वाटत होता, तो मी लपवला नाही.

धम्मशीलानं अहवाल पुढं ओढला आणि सही केली: धम्मशीला सटवाजी वाव्हळे. मधलं नाव तिनं जरा ठळकच लिहिलं.