पाळण्यातली टाळी

चार वर्षांच्या भूमिकाने बाहुलीला मांडीवर निजवलं आणि तिच्या गालावर फाडकन चापट मारली.

‘नीज वं मनी मैना, कपाशीना बोंडमा...’

चापट.

‘चांदनं पाझरस वं, तुना इवल्या तोंडमा...’

पुन्हा चापट. बाहुलीची मान लोंबू लागली.

धुळ्याच्या बसमधून उतरून आलेली मोहिनी, तिची आई, दारातच थबकली.

“मारतेस का गं तिला?”

“टाळी आहे ती. कोकिळामावशीच्या पाळण्यात अशीच वाजते. तिच्या गालावर. काका वाजवतात.”

मोहिनी अनवाणीच गल्ली ओलांडून गेली. कोकिळा तिची बालमैत्रीण. लेकरू झाल्यावर कोकिळाने शिवणाचं काम सोडलं, मोहिनीने नोकरी धरून ठेवली. रोज सकाळी भूमिकाला तिच्या ओट्यावर सोडताना मोहिनी म्हणे, “तुझं बरं आहे बाई, घरी बसून पाळणा म्हणायचा.”

“तू साहेबीन, मी दाई,” कोकिळा हसून म्हणे.

आज ती खलबत्त्यात मिरच्या कुटत होती. झोळीत तान्हा नवल निजला होता. मोहिनीने तिच्या तोंडावरचा पदर ओढला. ओठ फाटलेला, कानामागे रक्त सुकलेलं.

“तुझ्या नवऱ्याने, प्रेमराजने? भूमिकासमोर?”

“ती आठे ऱ्हास म्हनीसन तो लवकर थांबस. तिले लई जाशी तर मंग कोन थांबाडी त्याले?”

“भूमिका इथे असते म्हणून तो लवकर थांबतो? मनी पोरनी ढाल करी तू?”

एरवी शहरी बोलणाऱ्या मोहिनीच्या तोंडून घरची बोली निघाली, आणि तिच्याबरोबर हातही उगारला गेला.

कोकिळाने तोंड वळवलं नाही. डोळे मिटून घेतले. फाटक्या ओठांतून शब्द आपोआप आले.

‘नीज वं मनी मैना, कपाशीना बोंडमा...’

ओळ संपली. ती थांबली, गाल तसाच पुढे ठेवून.

मोहिनीचा हात वरच राहिला.

दुसऱ्या दिवशी धुळ्याच्या पहिल्या बसमध्ये मोहिनीने दोघींची आणि दोन्ही लेकरांची जागा धरली. कोकिळाच्या पायाशी तिच्या आणि नवलच्या कपड्यांची पिशवी होती. पारोळं गाव मागे पडलं तसा नवल रडू लागला. कोकिळाने गाणं धरलं. पहिली ओळ संपली आणि तिची मान खांद्यांत गेली.

शेजारी भूमिकाने बाहुलीवर हात उगारला. मोहिनीने तो वरच्यावर धरला.

“आई, टाळी राहिली,” भूमिका म्हणाली. “मावशीला पुढचं येणार नाही.”

कोकिळाने नवलला छातीशी घट्ट घेतलं.

“थांब बेटा,” ती म्हणाली. “टाळीबिगर येस का, देखस.”