सगळी आहेत

पहिलीच्या गणिताच्या पुस्तकात पानोपानी सफरचंदं होती. टोपलीत पाच, झाडावर तीन, खाली पडलेली दोन. डोंगरातल्या गावात पहिलीला शिकवणाऱ्या अनारकुलला ती कधीच पटली नाहीत. या उंचीवर सफरचंदाचं झाड जगत नाही. फळं येतात ती सरोवराकाठच्या गावांतून, पोत्यांनी, आणि पोत्यातलं फळ कोणी एकेक करून मोजत नाही. म्हणून नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तिने स्वतःची गणिताची वही केली. त्या वहीत सफरचंदांच्या जागी कोकरं होती. वर्गातली निम्मी मुलं मेंढपाळांची. घरचं जनावर दिसलं की मुलं आकड्यांना बुजणार नाहीत, असा तिचा अंदाज. दहा वर्षं तो खरा ठरला होता.

यंदा वर्गात उल्कान आली.

उल्कान सात वर्षांची होती. शाळेत येईपर्यंत ती वरच्या खोऱ्यात, आजोबांच्या मेंढ्यांच्या हिवाळी ठाण्यावर वाढली. आता गावात आत्याकडे राहायची. बाराखडीचं पुस्तक तिने वर्गात सर्वांत आधी संपवलं. अक्षर टपोरं, आवाज खणखणीत. पण अनारकुलने फळ्यावर मेंढ्यांचा वाडा काढून विचारलं, "वाड्यात सहा कोकरं होती, आणखी दोन आली, किती झाली?" की उल्कान उठून फळ्याजवळ जायची, एकेका कोकराकडे नीट बघायची आणि म्हणायची, "सगळी आहेत, एजेके."

सगळी मुलं अनारकुलला एजेके म्हणत, म्हणजे ताई.

"पण किती आहेत?"

"सगळी."

वर्ग हसायचा. पहिल्या बाकावरचा एसेन तर वाटच बघत असे. "उल्कान, तुझे आकडे लांडग्याने खाल्ले काय गं?"

"तुझी अक्कल खाल्ली. म्हणून पोट धरून फिरतोय बिचारा."

मुलगी मंद नव्हती, हे अनारकुलला दिसत होतं. पण दिसणं पुरावा होत नाही. मार्चमध्ये उपमुख्याध्यापक ओसमोन आगाय (आगाय म्हणजे गुरुजी) वर्गात बसून गेले आणि बाहेर पडताना दारातच थांबले.

"पोर गोड आहे. पण वीसपर्यंतची बेरीज-वजाबाकी आली नाही, तर सप्टेंबरात पुन्हा पहिलीतच बसेल. एप्रिलच्या शेवटी मी स्वतः तोंडी घेईन."

"आगाय, तिला येतं. ती सांगत नाही, एवढंच."

"न सांगितलेलं उत्तर मी कुठे लिहू?"

पुन्हा पहिलीत बसायची वेळ उल्कानवर आलीच नसती. आत्याने आधीच बोलून ठेवलं होतं, "नाही जमलं तर जाऊ दे आजोबांकडे. तिथे हात हवेतच." आणि एकदा वर गेलेली मुलगी खाली कधी येते, हे अनारकुलला ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या मावसबहिणीला अजून सही करता येत नव्हती.

एप्रिलमध्ये मेंढ्या वितात. दरवर्षी त्या दिवसांत पहिलीचा वर्ग एका ठाण्यावर जातो. यंदा अनारकुलने उल्कानच्या आजोबांचं ठाणं निवडलं. एसेनच्या वडिलांच्या ट्रकमधून एकोणीस मुलं वर पोचली, तेव्हा उल्कानचे आजोबा, तोक्तोसुन 'आता', वाड्याच्या दारात उभे होते; 'आता' म्हणजे बाबा, वडीलधाऱ्यांना तिथे असंच म्हणतात. टोपी मागे सरकलेली, बाहीला ओल्या लोकरीचा वास.

"या, या! आज इथे माणसांची कोकरं जास्त झाली!"

शेजारच्या ठाण्यावरची मुलंही गंमत बघायला आली होती. मुलांनी कोकरं उराशी धरली, कणकेचे तळलेले बोर्सोक साईत बुडवून खाल्ले, निम्मी साय अंगावर सांडली. वाड्याच्या खांबाला एक चामड्याची थैली लटकत होती. एसेनने ती हलवली, तर आत खडखडलं.

"आता, यात काय आहे?"

"चुको." चुको म्हणजे मेंढीच्या घोट्याचं हाड; त्याने खेळलं नाही असं मूल त्या खोऱ्यात नव्हतं. "एका मेंढीमागे एक. जनावरांचा डॉक्टर येतो नि आकडा मागतो. मग मी हाडं मोजतो."

"मेंढ्याच का नाही मोजत?"

म्हाताऱ्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने वाड्यात शिट्टी वाजवून अपशकुन केला. "श्वास घेणारं मोजायचं नसतं, बाळा. दृष्ट लागते. मोजलेलं लांडग्याला ऐकू जातं."

अनारकुलच्या हातातला चहा थांबला. तिची आजीही असंच म्हणायची. गावात राहून, शिकून, अकरा वर्षं शिकवून ती ते साफ विसरली होती. आणि सबंध वर्ष तिने या म्हाताऱ्याच्या नातीला, मोठ्या आपुलकीने, भर वर्गात कोकरं मोजायला लावली होती.

उन्हं कलली तशी तिने मुलांना ट्रकपाशी गोळा केलं आणि सवयीने बोट उचललं. "सतरा, अठरा, एकोणीस. चला, चढा."

"पोरी, बोट खाली घे गं," तोक्तोसुन आता पुटपुटले.

"एजेके," उल्कान म्हणाली, "सगळी नाहीत."

अनारकुलने पुन्हा मोजलं, या वेळी मनातल्या मनात. एकोणीस. "आहेत की गं."

"शायिर नाही. आणि ही आपली नाही." तिने निळ्या टोपीतल्या एका लहानगीचा हात धरून तिला रांगेतून बाहेर ओढलं. "ही शेजारच्यांची बुर्मा. तिला ट्रकमध्ये बसायचंय."

बुर्माने भोकाड पसरलं.

शायिर वाड्यामागच्या गवतात सापडली, दोन कोकरांच्या मध्ये, तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. अनारकुलने तिला स्वतः उचलून ट्रकपर्यंत आणलं. आकडा अचूक होता आणि मूल मागे राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने शिवणाचा डबा टेबलावर उपडा केला.

"उल्कान, बटणं किती आहेत?"

उल्कानची बोटं भराभर चालली. "त्रेचाळीस. एक तुटकं."

"यातली आठ काढली तर?"

"पस्तीस. तुटकं काढलं तर अजून एक कमी."

"अगं, मग वर्षभर बोलली का नाहीस?"

"तुम्ही बटणं विचारलीच नाहीत, एजेके."

अनारकुल हसली. त्या दुपारी तिने आगायना सगळं सांगितलं आणि तोंडी परीक्षेत बटणं विचारा, अशी विनंती केली. ओसमोन आगायनी मान हलवली, पण नकाराची.

"दुसरीचं पुस्तक उघडून बघ. घोडे, मेंढ्या, बदकं. तिथे दर वेळी बटणं कुठून आणशील? मी सगळ्यांना विचारतो तेच तिला विचारणार. तेही तुझ्याच वहीतलं."

"माझ्या?"

"तूच म्हणायचीस ना, मुलांना कोकरं सोपी जातात?"

अनारकुल आपली वही उचलून वर्गात परतली. ती उल्कानला 'मोज' म्हणून समजावू शकली असती. कदाचित मुलीने ऐकलंही असतं. एजेकेचा शब्द ती सहसा मोडत नसे. पण मग त्या रात्री वाड्यात एखादं कोकरू दगावलं, तर ते उल्कानच्या खात्यावर जमा झालं असतं, आणि ती बेरीज कुठल्याच शाळेला पुसता आली नसती. अनारकुल एवढंच बोलली, "आगाय कोकरंच विचारणार आहेत. तू विचार करून ठेव."

उल्कानने विचार करायला दोन दिवस घेतले.

परीक्षेच्या दिवशी ओसमोन आगाय खिडकीशी बसले. एसेन सुटला, शायिर बोटांवर मोजत सुटली. उल्कानचं नाव आलं.

"वाड्यात सात कोकरं. पहाटेपर्यंत आणखी पाच जन्मली. किती झाली?"

वर्ग पुढे झुकला. एसेनसुद्धा. उल्कान फळ्याकडे गेली नाही. तिने झग्याच्या खिशातून एक थैली काढली आणि टेबलाच्या कडेला चुको मांडायला लागली. सात मांडल्या. थोडी जागा सोडून पाच. मग मधली जागा हाताने बंद केली.

"हे काय?" आगायनी विचारलं.

"चुको, आगाय. यांना चालतं. या श्वास नाही घेत."

"बरं. मग?"

"हाडं बारा. कोकरं सगळी आली."

"त्यातली तीन चरायला गेली."

तिने तीन हाडं टेबलाच्या पलीकडच्या कोपऱ्यात नेली, जरा विचार करून त्यांची तोंडं खिडकीकडे, डोंगराकडे फिरवली. "वाड्यात नऊ हाडं. तीन परत आली की सांगते."

कोणी हसलं नाही. ओसमोन आगायनी एक चुको उचलली, अंगठ्याने पुसली आणि टेबलावर टाकली. ती उभ्या कडेवर पडली; खेळात ते सर्वांत भाग्याचं दान. मागच्या बाकांवरून "ओहो!" आलं.

"आमची आईही आम्हाला कधी मोजायची नाही," ते म्हणाले. "ताटं मांडायची, नि ताटं मोजायची. आम्ही भावंडं एकूण..." ते थांबले. त्यांनी अनारकुलकडे पाहिलं, मग उल्कानकडे. "पुष्कळ होतो."

"सगळे आहेत?" उल्कानने विचारलं.

"आहेत," आगाय म्हणाले. "सगळे आहेत." आणि त्यांनी तिच्या नावापुढे 'दुसरी' असं लिहिलं, ते तिला उलट्या बाजूनेही वाचता आलं.

शाळा सुटली. फाटकापाशी मुलांची रांग लागली. अनारकुलचं बोट सवयीने वर गेलं. तिने ते कोटाच्या खिशात घातलं आणि एकेका चेहऱ्याकडे बघत नावं घ्यायला लागली. एसेन. शायिर, जागी. तिसऱ्या नावाला ती अडखळली; दोन जुळ्या भावांच्या टोप्या आज बदललेल्या होत्या.

"डावीकडचा मोठा," रांगेच्या टोकावरून उल्कानने सांगितलं. "चला एजेके, सगळी आहेत."