बेसिनातला भात

सासऱ्यांच्या खोलीतलं हात धुवायचं बेसिन तुंबलं, म्हणून सुनेनं प्लंबरला बोलावलं. त्यानं खाली बादली ठेवून वाकडा पाइप सोडवला. आत अडकलेला गाळ बोटावर घेऊन आधी वास घ्यायचा, ही त्याची जुनी रीत.

"ताई, साबण नाही, केस नाहीत. हा भात आहे, बऱ्याच दिवसांचा. जाळी बसवून देतो, पण इथं पंगत बसते की काय?"

सुनेनं वळून सासऱ्यांकडे पाहिलं. तीन आठवडे ती सासऱ्यांना खोलीत मऊ भात नेऊन देत होती. ताटली रोज लख्ख होऊन परत यायची आणि ती परगावी असलेल्या नवऱ्याला फोनवर सांगायची, "बाबा जेवायला लागले हो, देवानं गाऱ्हाणं ऐकलं!"

पलंगावरच्या सासऱ्यांनी मान खाली घातली. "घास उतरतच नाही गं पोरी. तू एवढ्या मायेनं करतेस, नको म्हणायला जीभ रेटेना."

"अहो बाबा, निदान डॉक्टरांना तरी सांगायचं!"

"तुला कळलं असतं ना मग."

प्लंबर पाइप बसवू लागला. सुनेनं नवऱ्याला फोन लावला. "बाबा जेवत नाहीयेत," ती म्हणाली. "आजच या."